मदत हवी आहे: क्रोशाचा टोपीवाला स्कार्फ, खिसे बरगड्यांवर येताहेत

नमस्कार. मी सोलापूरची. माझी भाची जूनपासून चंदीगडला नोकरीला आहे. पहाटेच्या धुक्यात तिला बसची वाट बघत उभं राहावं लागतं. "मावशी, शालीनं कान झाकले तर हात गारठतात, आणि हातमोजे घातले की मोबाईल चालत नाही," असं ती फोनवर म्हणाली. तेव्हाच मनात घेतलं की तिला टोपी, स्कार्फ आणि खिसे एकातच असलेलं काहीतरी विणून द्यायचं. संक्रांतीला ती घरी येतेय, गड्ड्याची जत्रा करून परत जाईल. म्हणजे माझ्याकडे तीन आठवडे आहेत.

आजवर मी टेबलावरचे रुमाल, तोरणं आणि बाळांची टोपडी विणली आहेत. लोकरीचं एवढं मोठं काम पहिल्यांदाच करतेय. आपल्याकडे थंडीला चादर पुरते, स्वेटरसुद्धा वर्षातून थोडेच दिवस बाहेर निघतो. दुपारी मांडीवर लोकर घेऊन बसवत नाही, म्हणून पहाटे आणि रात्री विणते.

आतापर्यंत असं केलं: ॲक्रिलिकची चार पदरी लोकर, ५ मिमीची सुई, ३५ खांबांची (उभ्या लांब टाक्यांची) रुंदी. पट्टी २५ सेंमी रुंद आणि १९० सेंमी लांब झाली. ती मधोमध दुमडून घडीपासून ३० सेंमीपर्यंत एक कड शिवली, तीच टोपी. दोन्ही टोकं २० सेंमी वर दुमडून टाचण्या लावल्या, ते खिसे. मग स्वतः घालून आरशात पाहिलं आणि जीव खट्टू झाला.

एक तर खिसे पार बरगड्यांशी येतात, हात घालायचा तर कोपर वर करावं लागतं. दुसरं, खिशात मोबाईल ठेवला की टोपी टाळूवर दाबून बसते आणि मानेजवळची वीण ताणली जाते. टोपीला मागं टोक येतं ते वेगळंच. कडाही सरळ नाहीत, मधे दोन ठिकाणी रुंदी कमी झाली आहे. २५० ग्रॅम लोकर संपली, ५० ग्रॅम उरली आहे. नव्या पेठेत पुन्हा गेले तर रंग तोच, पण लॉट नंबर वेगळा. उन्हात धरलं की फरक दिसतो.

सगळं उसवून पहिल्यापासून करू का? उसवायची तयारी आहे, पण वेळ पुरेल का याची काळजी वाटते. भाचीसाठी आहे, कसंतरी केलेलं द्यायचं नाही.

प्रतिसाद

ताई, उसवू नका. तुमचा हिशोब एकाच जागी चुकलाय. १९० चे अर्धे ९५. त्यातले ३० टोपीत गेले, राहिले ६५. त्यातले २० तुम्ही दुमडलेत, म्हणून खिशाचा तळ मानेपासून फक्त ४५ वर आला. दुमडून खिसे करायचे तर पट्टी मुळातच २३० च्या आसपास लागते. आता टोकं सोडून द्या आणि खिसे वेगळे विणून वरून लावा. १९ बाय १९ सेंमीचे दोन चौकोन, मुक्या खांबात (खांबापेक्षा आखूड टाक्यात), ४ मिमीच्या सुईनं. मुक्या खांबाची वीण दाट येते, मोबाईलच्या वजनानं लोंबत नाही.

खिसे वेगळेच होणार, तर लॉटची चिंता कशाला? ते सरळ दुसऱ्याच रंगात करा आणि त्याच रंगाची किनार पट्टीला फिरवा. जवळजवळ सारखे दोन रंग शेजारी आले की चूक वाटते, पूर्ण वेगळा रंग घेतला की तो मुद्दाम घेतलेला दिसतो.

प्रतिसाद

टोपीबद्दल सांगते. ३० ऐवजी ३४ सेंमी शिवा. शिवणीचं खालचं टोक मानेवर नीट टेकलं की वजन मान आणि खांदे घेतात, टाळूवर ओढ येत नाही. लांबी चारनं कमी होईल, पण खिसे वेगळे असल्यानं चालेल. मागचं टोक घालवायला टोपी उलटी करा आणि पिशवीच्या तळाच्या कोपऱ्याला घालतो तशी आडवी टीप घाला, टोकापासून ५ सेंमीवर. कापायचं काही नाही.

मानेच्या भागात आतून स्लिप स्टिचची (उंची नसलेल्या सपाट टाक्याची) एक ओळ फिरवा, वीण ताणायची थांबेल.

रुंदी कमी होते कारण ओळ सुरू करताना घातलेल्या तीन साखळ्या हाच पहिला खांब असतो, आणि परतीच्या ओळीत त्याच्या डोक्यावर खांब घालायचा राहून जातो. पुढच्या वेळी दर ओळीला ३५ मोजा. आत्ता किनारीत झाकून जाईल: प्रत्येक ओळीच्या कडेला दोन मुके खांब, जिथं आत गेलंय तिथं एक अर्धा खांब जास्त.

प्रतिसाद

मीही सोलापूरचीच, माहेर मागवाल्यांचं. खिशाला आतून सुती अस्तर लावाच. क्रोशाच्या वीणीत किल्ल्या अडकतात, सुटे पैसे निसटतात. जुन्या इरकलीचा तुकडा उत्तम, वापरून मऊ झालेला असतो. आधी धुऊन घ्या आणि ओल्या पांढऱ्या कापडावर घासून रंग जातो का बघा. अस्तर खिशापेक्षा किंचित लहान कापा, म्हणजे वजन कापड पेलतं, लोकर नाही.

आणि ताई, शेवटी इस्त्री अजिबात फिरवू नका. ॲक्रिलिक उष्णतेनं लुळं पडतं, परत पहिल्यासारखं होत नाही. थंड पाण्यातून काढा, टर्किश टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत सपाट पसरून मापाला ओढून ठेवा. दोरीवर टाकलात तर दहा सेंमी लांब होईल.

धागाकर्ती (प्रश्न विचारणारी)

तिघींचेही मनापासून आभार. काल रात्रीच शिवण ३४ पर्यंत नेली आणि आतून आडवी टीप घातली. मोबाईल टोकाला पिनेनं अडकवून घरभर हिंडले, टोपी जागची हलली नाही!

पट्टी राखाडी आहे, खिशांना आणि किनारीला डाळिंबी घेतेय. अस्तराचं वाचून पेटी उघडली. आईची हिरवी इरकल आहे, पदराकडे विरलेली, पण मधलं कापड शाबूत. भाचीला आजीची ती साडी ओळखू येईल. आज भिजवून रंग बघते. एकच विचारायचं राहिलं: अस्तर खिसा लावायच्या आधी शिवायचं की नंतर?

प्रतिसाद

आधी. चौकोनाला चारी बाजूंनी हाताच्या बारीक टाक्यांनी शिवा, वरची कड दुमडून. मग तीन बाजूंनी खिसा पट्टीवर लावा. वरच्या दोन कोपऱ्यांत टाके दोनदा घ्या, हात घालताना तिथंच ओढ बसते.