मदत हवी आहे: दादा श्रावण कडक पाळतो, मग दारू सुटत का नाही?

नमस्कार मंडळी,

मोठ्या भावाबद्दल लिहितेय. वय ४६, सांगलीजवळ गाव, स्वतःचं वेल्डिंगचं दुकान. आता रोज पितो. पण गटारी झाली की महिनाभर थेंब नाही. पहिले तीन दिवस हात इतके थरथरतात की कप दोन्ही हातांनी धरतो. घाम, झोप नाही. मग माणूसच बदलतो. गणपती उठेपर्यंत ओढतो, आणि विसर्जनाच्या रात्री पुन्हा सुरू.

'महिना काढतोस, तर वर्ष का नाही?' म्हटलं की म्हणतो, 'तेच तर! पाहिजे तेव्हा सोडतो, म्हणजे मी दारुडा नाही.' मला तर वाटायला लागलंय, उरलेले दहा महिने प्यायचा परवाना त्याला हा श्रावणच देतो.

वहिनीने मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, पंढरपुरात माळ घातली. मोडली की त्याला इतकी लाज वाटते की त्याच लाजेपायी जास्त पितो. परवा वहिनी नसताना एकदम म्हणाला, "सोडली तर संध्याकाळी सातनंतर मी करू काय?" मी गप्पच बसले.

याला सोडायची इच्छा म्हणायची का? मनाविरुद्ध व्यसनमुक्ती केंद्रात घातलं तर उपयोग होतो?

प्रतिसाद:
ताई, आधी ते थरथरणं. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भास सुरू होतात, जिवावर बेततं. यंदा गटारीच्या आधीच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि कुणी काही सांगो, जेवणातून गुपचूप दारू सोडवायची गोळी देऊ नका. तीवर दारू प्यायला तर जीव जाऊ शकतो.

आता तुमचा प्रश्न. इच्छा आहे, जमेल हा भरवसा नाही. श्रावणात मित्रही आग्रह करत नाहीत, शिवाय शेवटची तारीख ठरलेली. सात वाजताचं रिकामपण त्याने कधी सोडवलेलंच नाही. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये मांडलं, की आपण 'सोड' म्हणत राहिलो की समोरचा पिण्याची बाजू मांडत बसतो. कारणं त्याच्या तोंडून यायला हवीत. श्रावणात काय बरं वाटतं, एवढंच विचारा आणि ऐका.

दबावाखाली दाखल झालेलेही सुधारतात, मी स्वतः तसाच गेलो होतो. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करतंय, घरच्यांशीही बोलतात. वहिनींसाठी अल-अनॉन आहे, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा आधारगट. रात्री-अपरात्री टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, पैसे पडत नाहीत.

धागाकर्ती:
आज डबा घेऊन दुकानात गेले. विचारलं. बराच वेळ ग्राइंडर चालवत राहिला. मग म्हणाला, "श्रावणात दाढी करताना कापत नाही." मी पुढे काही बोलले नाही. डॉक्टरांची वेळ शुक्रवारची मिळालीय, येतो म्हणालाय.