अनुभव धागा : मोठ्या कारखान्यातली नोकरी

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात 'कंपनीत' कुणीच नाही असं घर सापडणं अवघड. आत काय असतं ते तिथे राबणाऱ्यांनीच लिहावं. परमनंट, कंत्राटी, ट्रेनी, ऑफिसवाले, घरचे, सगळेच. कंपनीचं नाव नको, काम सांगा.

निवृत्त फिटर, आकुर्डी
आयटीआय करून 1981 साली अ‍ॅप्रेंटिस लागलो आणि त्याच गेटमधून निवृत्त झालो. वेतन करार झाला की मागचा फरक एकरकमी हातात यायचा. मुलीचं लग्न आणि घराचा वरचा मजला त्यातच झाला. खंडेनवमीला मशीन धुऊन-पुसून झेंडूचा हार घालायचो. आजही त्या दिवशी घरातल्या पान्यांना हळदकुंकू लावतो.

कंत्राटी ऑपरेटर, चाकण
काकांचं वाचून बरं वाटलं, पण आमच्या वाट्याला ते दिवस नाहीत. असेंब्ली लाइनवर माझ्या शेजारी परमनंट दादा उभे असतात. गाडी समोर आली की चार बोल्ट, बोल्ट नेमका आवळणाऱ्या टॉर्क गनचा हिरवा दिवा, पुढची गाडी. काम तेच, पगार त्यांचा माझ्या तिप्पट. लघवीला जायचं तरी रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, येईपर्यंत थांबायचं. सात महिने झाले की 'ब्रेक'. वर्षात 240 दिवस भरले, तर 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे काढताना नोटीस आणि भरपाई द्यावी लागे. ते भरूच द्यायचे नाहीत. मग पुन्हा नवा ठेकेदार, नवं कार्ड. खराबवाडीत एका खोलीत आम्ही चौघं, लातूर-यवतमाळकडचे. पाळ्या वेगळ्या, म्हणून दोन गाद्यांवर भागतं. दादा लोक वाईट नाहीत, डबा वाटून खातात. पण कराराच्या वेळी आमचा विषय टेबलावर येत नाही, आणि तो यायला हवा.

प्रेस शॉप, भोसरी
मोठ्या प्लांटला माल देणाऱ्या छोट्या शॉपमध्ये सुरुवात केली. पॉवर प्रेसची दोन्ही बटणं दोन हातांनी दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये (साच्यात) राहूच शकत नाही. आमच्याकडे नग जास्त निघावेत म्हणून एक बटण तारेनं बांधून ठेवलेलं. बरोबरच्या पोराची दोन बोटं गेली. पुढे मोठ्या कंपनीत लाइट कर्टन, म्हणजे प्रेससमोरचा प्रकाशकिरणांचा पडदा, पाहिला. हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबतो. मोठ्या कंपनीचं मला सगळ्यात मोल वाटतं ते याचं.

घरून, चिंचवड
यांची सुट्टी गुरुवारी, मुलांची रविवारी. थर्ड शिफ्टच्या, म्हणजे रात्रपाळीच्या आठवड्यात कुकरच्या शिट्टीनं यांची दिवसाची झोपमोड नको म्हणून मी डाळ पातेल्यात शिजवते.

एचआर, रांजणगाव
चाकणच्या भावासाठी. ठेकेदार बदलला तरी यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) एकच ठेवा आणि पीएफ खरंच जमा होतोय का ते दर महिन्याला मोबाईलवर बघा. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड मागून घ्या. पगाराची प्रत्येक चिठ्ठी जपा. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते; 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच ही तरतूद होती. म्हणून थकलेल्या पगारासाठी ठेकेदाराच्या मागे फिरत बसू नका, कंपनीच्या एचआरकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.