भांडणाच्या घरात शांत राहणारं मूल : कौतुक करावं की काळजी?

सक्करदरा_वर्गशिक्षिका

शाळेच्या स्टाफरूममध्ये झालेला वाद इथं मांडते. माझ्या वर्गात सहावीतली एक मुलगी आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. घरी रोजची कटकट, वडील पिऊन येतात, आई दोन ठिकाणी काम करते. मुलीचा अभ्यास मात्र उत्तम, वह्या नीटनेटक्या, लहान भावाचा डबा तीच भरते. सहकाऱ्यांनी ठरवलं, प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर तिचं उदाहरण द्यायचं, की बघा, परिस्थितीवर मात कशी करावी. मी विरोध केला आणि अजूनही त्यावर ठाम आहे.

कारण वर्गात मला दिसतं ते वेगळं आहे. मागच्या बाकावर कुणी मोठ्यानं ओरडलं की ही पोरगी दचकते आणि आधी दाराकडं बघते. डॉक्टरांना काही सापडत नाही, पण पोट दुखतंच. सहलीला येत नाही. मधल्या सुट्टीत ऑफिसमधून आईला फोन करू द्या म्हणते, आणि बोलते एवढंच, "सगळं ठीक आहे ना?" अकरा वर्षांची मुलगी घरावर पहारा देते आहे.

दंगा करणारा, मारामारी करणारा मुलगा लगेच आपल्या नजरेत भरतो. आपण त्याच्या पालकांना बोलावतो, समुपदेशकाकडं पाठवतो. तोच ताण दुसरं मूल गिळून टाकतं, तर त्याला बक्षीस देतो. मग ते मूल काय शिकतं? त्रास दाखवला नाही तरच आपण चांगले. बाहेरून सावरलेलं मूल आतून सावरलेलं असेलच असं नाही. घरात कधी काय होईल याचा नेम नसला की शरीर सतत सावध राहतं. झोप उथळ होते, लक्ष टिकत नाही, आजारपणं वाढतात. अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी 1998 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणी मारहाण, घरातली व्यसनं, आईवर होणारे अत्याचार असे अनुभव जितके जास्त, तितकं मोठेपणी नैराश्य, व्यसन आणि चक्क हृदयविकाराचंही प्रमाण वाढलेलं त्यांना आढळलं. त्यातली बरीच माणसं नोकरी-विमा असलेली, चारचौघांत व्यवस्थित दिसणारी होती.

म्हणून माझं म्हणणं, अशा मुलाचं जाहीर कौतुक थांबवा आणि त्याच्यावरचं ओझं कमी कसं होईल ते बघा. तुमचं मत सांगा.

---

हिंगणा_शिफ्टवाला

मॅडम, तुमच्या भावनेबद्दल आदर आहे, पण पटलं नाही. आमच्या घरी हेच होतं. बाप पगाराच्या दिवशी घरीच यायचा नाही. मी कुकर लावून, दोन बहिणींच्या वेण्या घालून शाळेत जात होतो. आज मी एमआयडीसीत सुपरवायझर आहे, दोघी बहिणींची लग्नं करून दिली. मला तेव्हा कुणी म्हटलं असतं, बाळा तुझ्यावर आघात झाला आहे, तर मी खचलो असतो. मला एक सर म्हणाले होते, "तू आहेस म्हणून घर उभं आहे." त्या एका वाक्यावर मी दहावी काढली जी.

तुम्ही त्या पोरीचं कौतुकच काढून घेऊन राहिल्या. तिच्याजवळ तेवढंच तर आहे. सगळ्या पोरांना पेशंट करून ठेवलं तर लढणार कोण?

---

धरमपेठ_बालसमुपदेशक

दादा, तुमच्या बाजूनं एक भक्कम पुरावा मीच देते. हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती माणसं चाळिशीत पोचेपर्यंत घेतला. गरिबी, आईवडिलांची भांडणं, दारू, मानसिक आजार अशा घरांतली साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट, मायाळू, कामाची माणसं झाली. आणि या मुलांच्या बाबतीत दिसलेली एक गोष्ट म्हणजे घरात त्यांची गरज होती. धाकट्यांना सांभाळणं, घरकाम, काहीतरी खरी जबाबदारी. म्हणजे डबा भरल्यानं मूल बिघडत नाही.

पण उरलेल्या दोन तृतीयांश मुलांना अभ्यासाच्या, वागणुकीच्या नाहीतर मनाच्या अडचणी आल्या. त्यातलीही बरीच पुढं सावरली, पण मधली वर्षं गेलीच. आणि जी तरली त्यांच्याजवळ जवळपास नेहमी एक तरी मोठं माणूस टिकून होतं. आजी, मावशी, शिक्षक, शेजारीण, कुणीही.

माझ्याकडं येणाऱ्या मुलांत मी फरक करते तो असा. भात लावणं वेगळं आणि आईबाबांमध्ये मध्यस्थी करणं वेगळं. "बाबांचा मूड बघून ये", "आजीला सांगू नकोस हं", "तुझ्यासाठीच मी हे सहन करते आहे" हे मूल पेलू शकत नाही, कारण ते काम कधी संपत नाही. भात शिजला की संपला. आईचं दुःख संपवणं मुलाच्या हातात नसतं, आणि ते संपत नाही याचा दोष मूल स्वतःला देतं. बाईंच्या वर्गातली मुलगी सुट्टीत फोन करते, त्याची मला काळजी वाटते. डब्याची नाही.

आणखी एक. 1998 च्या अभ्यासातले आकडे समूहाचे आहेत. त्यावरून एका मुलाचं भविष्य कुणी वर्तवू नये.

---

महालची_आजी

मी निवृत्त मुख्याध्यापिका. समुपदेशक ताईंचं बोलणं ऐकायला बरं वाटतं, पण मला एक सांगा, त्या आईनं मन मोकळं करायचं कुणापाशी? माहेर दूर, सासरचे नवऱ्याच्या बाजूचे, शेजारी तोंडावर गोड. मग ती लेकीपाशी रडते. तिला तुम्ही अपराधी ठरवणार?

आणि "ओझं कमी करा" म्हणजे नेमकं काय? पूर्वी एका शाळेत एका उत्साही शिक्षकानं अशाच मुलाच्या वडिलांना बोलावून चार गोष्टी सुनावल्या. त्या रात्री मुलाला मार बसला, घरचं बाहेर का सांगितलं म्हणून. महिन्याभरात त्याचा दाखला काढला गेला. शिक्षकांच्या मनाला समाधान मिळालं, मुलाची शाळा सुटली. मूल घराबाहेर एक शब्द बोलत नाही त्यामागं त्याचा हिशोब असतो. तो आपण मोडायचा तर पुढचं निभावायची तयारी हवी.

---

मानेवाडा_रिंगरोड

आजी, आईला अपराधी कुणी ठरवत नाही. पण मी ती आई होते म्हणून बोलते. "मुलासाठी" म्हणून मी अनेक वर्षं त्या घरात राहिले. मुलगा भांडण सुरू झालं की टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि हसत बसायचा. नातेवाईक म्हणायचे, त्याला काही कळत नाही, बरं आहे. आम्ही वेगळे झाल्यावर कित्येक महिन्यांनी तो पहिल्यांदा माझ्यावर ओरडला, वस्तू फेकल्या. सगळे म्हणाले, बघ, घर मोडल्याचा परिणाम. मला वाटतं, आता ओरडलं तरी काही कोसळणार नाही याची त्याला खात्री पटली, म्हणून तो ओरडला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कायदेशीर प्रक्रियेशिवाय बाईला राहत्या घरातून काढता येत नाही, मुलांसाठी खर्च मागता येतो आणि मुलांचा तात्पुरता ताबाही मिळू शकतो. आधी घटस्फोट घ्यायला हवा असं काही नाही. हे मला फार उशिरा कळलं.

---

संत्रानगरी_बाबा

ताई, तुमच्या घरात हिंसा होती, तुम्ही बाहेर पडलात ते योग्यच. पण सगळी वेगळी झालेली घरं तशी नसतात. आमच्याकडं मारहाण नव्हती, दारू नव्हती. अबोला होता, कुरबुरी होत्या. आता मी महिन्यातून ठरलेल्या शनिवारी मुलाला भेटतो. तो माझ्यासमोर म्हणतो तिकडं करमत नाही. आईसमोर म्हणतो बाबांकडं कंटाळा येतो. आठ वर्षांचं पोर दोघांना हवं ते बोलायला शिकलं आहे. फीचा निरोप, कोर्टाच्या तारखेचा निरोप, सगळं त्याच्या तोंडून. हे त्याच्या अंगावर कुणी टाकलं? वेगळं होण्यानंच ना?

पॉल अमॅटो या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं काम मी वाचलं. तीव्र संघर्षाच्या घरातून सुटलेली मुलं बहुधा सुधारतात, पण जिथं भांडण बेताचं होतं तिथं घटस्फोट मुलांना जास्त जड जातो, कारण त्यांना तो अनपेक्षित असतो. आपल्याकडं दोन्ही एकाच मापानं मोजतात. एक गट म्हणतो काहीही झालं तरी जुळवून घ्या, दुसरा म्हणतो लगेच बाहेर पडा. मधलं कुणी बोलत नाही.

---

धरमपेठ_बालसमुपदेशक

बाबा, तुमचा मुद्दा खरा आहे. पण निरोप पोचवण्याचं काम वेगळं होण्यानं आपोआप मुलाकडं येत नाही, ते तुम्ही दोघं देता. फीचा मेसेज तुम्ही थेट त्याच्या आईला पाठवू शकता. आजपासून.

दुसरं, भांडण लपवण्यापेक्षा मिटताना दिसणं मुलांसाठी महत्त्वाचं असतं. ई. मार्क कमिंग्स यांच्या प्रयोगांत मोठ्यांचं भांडण सुटलेलं पाहिल्यावर मुलांची अस्वस्थता बरीच कमी झाली. अबोल्याचं घर वरून शांत असतं, पण तिथं मुलाला शेवट दिसतच नाही.

---

हिंगणा_शिफ्टवाला

समुपदेशक ताईंनी एका टिकून राहिलेल्या माणसाचं लिहिलं ते वाचून सांगतो. आमच्या लाईनीत एक काकू होत्या. रात्री बापाचा आवाज वाढला की मी बहिणींना घेऊन त्यांच्या पडवीत. त्यांनी कधी विचारलं नाही काय झालं म्हणून. चटई आधीच टाकलेली राहायची. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याला, बाकी पोरांसारखाच आमच्याही हातावर बोजारा, म्हणजे सणाची भेट, ठेवायच्या, वर "बिचारी पोरं" असं कधी बोलल्या नाहीत. मला आघात-बिघात कळत नाही, पण त्या काकूंनी खोदून खोदून विचारलं असतं तर मी तिकडं जाणं बंद केलं असतं. म्हणून म्हणतो, पोरीला विचारपूस नको, जागा द्या. आणि कौतुक काढू नका.

---

सक्करदरा_वर्गशिक्षिका

भाऊ, कौतुक मी करतेच. तिच्या चित्राचं करते, गणिताचं करते. घर सांभाळण्याचं जाहीर कौतुक मला नको आहे, कारण उद्या तिला ते झेपलं नाही तर ती कुणाला सांगणार? प्रार्थनेतलं उदाहरण रद्द झालं. ती मधल्या सुट्टीत ग्रंथालयाची पुस्तकं लावायला येते, मी तिथंच वह्या तपासत बसते. विचारत काही नाही.

खरी भीती मला सुट्टीची आहे. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात, दुपारी रस्त्यावर कुत्रं फिरकत नाही, मैदान नाही, शाळा नाही. सगळं घर एका कूलरसमोर. बाहेरगावच्या तज्ज्ञांनी सांगितलेलं "मुलाला घराबाहेर सुरक्षित वेळ द्या" हे नागपूरच्या उन्हाळ्यात कसं करायचं? आमच्या भागातली अभ्यासिका मोठ्या परीक्षांवाल्यांची, लहानांना आत घेत नाहीत.

---

महालची_आजी

हे मात्र करण्यासारखं आहे. महापालिकेच्या शाळांच्या दोन खोल्या दुपारी बारा ते पाच उघड्या ठेवा. पंखे, पाणी, कॅरम, आणि एक निवृत्त बाई. माझ्यासारख्या पुष्कळ जणी येतील. "त्रासातल्या मुलांसाठी" अशी पाटी लावू नका, सगळ्यांसाठी ठेवा, म्हणजे कुणाचं पोर का येतं याची चर्चा होणार नाही. पण मार दिसला तर काय, ते समुपदेशकांनी सांगावं. त्या शाळेतला तो मुलगा मी विसरलेले नाही.

---

धरमपेठ_बालसमुपदेशक

मार दिसला तर वाट बघायची नाही. 1098 हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. आई स्वतः खचली असेल तर तिच्यासाठी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, मराठीत बोलता येतं. वडिलांना एकट्यानं बोलावून सुनावणं शिक्षकांनी करू नये, यात मी आजींशी सहमत. पण कळवायचं नाही, हे मला मान्य नाही.

---

हिंगणा_शिफ्टवाला

कळवा ना ताई. पण फोन तुम्ही दुपारी करणार, लोकं येऊन विचारून जाणार, आणि रात्री बाप त्याच घरात येणार. त्या रात्री पोरगी कोणाच्या पडवीत जाईल, हे आधी ठरवा. मग फोन करा.

---

धरमपेठ_बालसमुपदेशक

पडवी ठरेपर्यंत रोज मार खायचा का, दादा? दोन्ही एकाच दिवशी व्हायला हवं. बाई, त्या मुलीचं आईशिवाय दुसरं कुणी जवळ राहतं का? मावशी, आत्या, घरमालकीण? आधी तेवढं आईकडून समजून घ्या, मुलीकडून नको.