शब्दचर्चा : ‘पॅकेज’ला मराठीत एक शब्द की दोन?

वर्धाकाठ : पाऊसमापकाच्या नोंदी वाचणाऱ्या एका छोट्या मुक्तस्रोत पायथन लायब्ररीची (पायथन या संगणकभाषेतल्या, इतरांना वापरता येणाऱ्या तयार कोडची) मार्गदर्शिका मी मराठीत लिहीत आहे. माझे घोडे ‘पॅकेज’पाशी अडले आहे. कोडमध्ये आपण इम्पोर्ट करतो तेही पॅकेज आणि पायपीआय या पायथनच्या सार्वजनिक भांडारावरून पिप या साधनाने उतरवून घेतो तेही पॅकेज, पण या दोन वस्तू वेगळ्या आहेत आणि त्यांची नावे सारखी असतीलच असे नाही. चित्रांवर काम करणारी ‘पिलो’ ही लायब्ररी त्याच नावाने इन्स्टॉल करावी लागते, इम्पोर्ट मात्र ‘पीआयएल’ या नावाने होते. मी दोन्हींना ‘संच’ म्हटले. परिणामी आमच्या गावच्या एका विद्यार्थ्याने पिपच्या आज्ञेत इम्पोर्टचेच नाव घातले आणि लायब्ररीच मोडकी आहे असे समजून तो तासभर बसून राहिला. दोन वेगळे शब्द हवे आहेत. ‘वितरण’ नको, कारण आमच्याकडे वितरण म्हटले की रेशनचे धान्य नाहीतर वीज कंपनी आठवते, शिवाय डेबियनसारख्या लिनक्सच्या अवतारांनाही तोच शब्द लावला जातो.

सरकी : उतरवून घेतो तिला ‘गाठ’ म्हणावे. माझे वडील हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होते. सरकी वेगळी झाल्यावर उरलेली रुई प्रेसखाली दाबून, वर कापड चढवून आणि पट्ट्या आवळून १७० किलोची गाठ बांधली जाते, तिच्यावर क्रमांक घातला जातो, आणि त्यानंतर तिच्यात चिमूटभर रुईही कोणी घालू शकत नाही. पायपीआयवरही एकदा चढवलेली फाइल बदलता येत नाही आणि ती पुसून टाकली तरी त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही. चूक झाली तर नवा आवृत्तीक्रमांक घालून नवी गाठच बांधावी लागते. कोणी ‘गठुडं’ म्हणाले की वडील चिडत : ‘गठुडं अन् गाठ एक नोहे बाप्पा!’ चार टोके बांधली की कोणत्याही फडक्याचे गठुडे होते.

शब्दव्रती : ‘गाठ’ म्हटल्यावर वाचकाला दोरीची, लग्नाची किंवा शरीरातली गाठ आठवेल. परिभाषेत शब्दाला एकच अर्थ असावा, म्हणून उतरवण्याच्या वस्तूला ‘संवेष्टन’ आणि इम्पोर्टच्या वस्तूला ‘घटकसंच’ म्हणावे. बोलीचा मी आदर करतो, परंतु जिनिंगचा शब्द सिंधुदुर्गातल्या मुलाला कसा कळावा?

आंबिया बहार : भाऊ, संवेष्टन तरी वरूडच्या मुलाला कुठे कळते? पायपीआयला पूर्वी गमतीने ‘चीज शॉप’ म्हणत आणि आजच्या ‘व्हील’ या फाइलप्रकाराचे नाव चीजच्या चाकावरून आले आहे. त्याआधीचा प्रकार ‘एग’ होता. रस्ट या संगणकभाषेतले लोक आपल्या लायब्ररीला ‘क्रेट’ म्हणतात, जी आमच्या संत्र्याच्या बागेत रोज भरली जाते. त्यांनी दुकानातून नाव उचलले तर चालते आणि आपण जिनातून उचलले की ती बोली ठरते. याच विदर्भात रिद्धपूरच्या महानुभावांनी संस्कृतचा आग्रह बाजूला ठेवून मराठीत लिहिले, हे विसरू नये.

सरकी : एक राहिलेच. मूळ कोडची जी फाइल मिळते ती सरकीसकटचा कापूस आणि व्हील म्हणजे रुई. लायब्ररीत सी भाषेतला भाग असेल आणि फक्त कापूस हाती आला, तर तो पिंजायला घरी जिन, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कम्पायलर, लागतो. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर तो नसतो आणि लाल अक्षरांच्या ओळीच ओळी येऊ लागतात.

शब्दव्रती : कापूस पिंजारी पिंजतो, जिनात तो रेचला जातो, उपमा द्यायची तर क्रियापद तरी सांभाळावे. शिवाय केवळ पायथनमध्ये लिहिलेल्या लायब्ररीच्या व्हीलमध्ये मूळ कोड जसेच्या तसे असते, म्हणजे तुमच्या रुईत सरकी राहिलीच. त्याहून गंभीर चूक ‘डिपेन्डन्सी’ला, म्हणजे आपली लायब्ररी जिच्यावर विसंबते त्या दुसऱ्या लायब्ररीला, सर्रास ‘अवलंबित्व’ म्हणण्यात होते. अवलंबित्व ही वेलीची अवस्था, तर डिपेन्डन्सी म्हणजे मांडव. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाची ११ ओळींची लायब्ररी एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारावरून काढून घेतली गेली आणि तिच्यावर विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी बंद पडली, तेव्हा मांडव कोसळला होता. त्यासाठी ‘आलंबन’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे.

आंबिया बहार : ‘रेचणे’ मान्य, चूक सरकींनी कबूल करावी. परंतु आलंबन वाचून आमचा पोरगा योगासनांचा वर्ग समजेल. सरळ ‘आधार’ म्हणा.

शब्दव्रती : आधार म्हटले तर तो कार्ड शोधू लागेल.

वर्धाकाठ : चर्चा मांडवापर्यंत गेली, पण माझे पान अजून तिथेच आहे. ०.३.१ ही आवृत्ती आज रात्री चढवायची असून वर्णनाचा मजकूर तिच्याबरोबरच गोठणार आहे, त्यामुळे तूर्त इम्पोर्टसाठी ‘पॅकेज’ आणि पिपसाठी ‘गाठ’ असे लिहिले आहे. ‘गाठ सोडा’ असे लिहिल्यावर वाचक ती उघडेल की टाकून देईल, एवढेच कोणी सांगावे.

सरकी : गिरणीत गाठ ‘फोडतात’.

शब्दव्रती : फोडण्यापूर्वी मार्गदर्शिकेच्या शीर्षकातले अनेकवचन पाहावे, आपण ‘गाठी’ऐवजी ‘गाठे’ लिहिले आहे.