मदत हवी आहे : डोक्यात अचानक उठणाऱ्या सणकांसोबत राहायचे कसे?

नमस्कार. गेल्या काही महिन्यांपासून कोणतेही कारण वा पूर्वसूचना नसताना माझ्या डोक्यात दाभण खुपसावे तशी सणक उठते आणि दोन-तीन सेकंदांत पूर्णपणे थांबते. मागे ना ठणका उरतो, ना मळमळ. जागाही ठरलेली नाही. कधी डावे कानशील, कधी टाळू, तर कधी उजव्या कानाची मागची बाजू. काही दिवस अगदी सुखाचे जातात आणि मग एखाद्या दुपारी एकीमागून एक अशा सणका येत राहतात. मला अर्धशिशीचा जुना त्रास आहे, परंतु तिची चाहूल आधी लागते आणि तिच्याशी कसे वागायचे हेही आता ठाऊक झाले आहे. या वेदनेपुढे मात्र काहीच करता येत नाही, कारण काही करावे म्हणेपर्यंत ती संपलेली असते.

मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासले, एमआरआय झाला आणि त्यात काहीही दोष आढळला नाही. ‘प्रायमरी स्टॅबिंग हेडेक’ (दुसऱ्या आजारामुळे नसलेली, खुपसल्यासारखी डोकेदुखी) असे निदान लिहून, घाबरण्याचे कारण नाही असे त्यांनी सांगितले. त्या निदानाविषयी मला शंका नाही. पण वेदना सेकंदांची असली तरी तिची धास्ती दिवसभर सोबत असते. चारचौघांत बोलताना वाक्य मध्येच तुटते. घरातील माणसे पाणी घेऊन धावत येतात तोवर मी पूर्ववत झालेली असते, आणि मग उगाच ओशाळल्यासारखे वाटते. वाहन चालवणे तर मी जवळजवळ बंदच केले आहे.

ज्यांना हा अनुभव आहे त्यांनी ही धास्ती कशी आवरली? वेदनाशामक गोळी जवळ ठेवण्याचा काही उपयोग होतो का? आणि कोणता बदल दिसला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे?

प्रतिसाद १

मी डॉक्टर नाही, पण अर्धशिशी आणि या सणका अशी दुहेरी सोबत मलाही बरीच वर्षे आहे. ही जोडी नेहमी आढळणारी आहे. ज्यांना अर्धशिशी असते त्यांच्यात अशा सणकांचे प्रमाण अधिक असते. बहुतेक सणका तीन सेकंदांच्या आत संपतात आणि त्यांना ठराविक वेळापत्रक नसते.

गोळीचे म्हणाल, तर नेहमीची वेदनाशामके येथे निरुपयोगी आहेत, कारण गोळी पोटात विरघळायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी आधी वेदना गेलेली असते. पुढची सणक येऊ नये म्हणून ती रोज घेणे तर उलटेच ठरते. साधी वेदनाशामकेसुद्धा महिन्यातून १५ किंवा त्याहून अधिक दिवस अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली गेली, तर त्या औषधांमुळेच निराळी डोकेदुखी जडू शकते, आणि अर्धशिशी असणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. सणका फारच वारंवार येत असतील तर डॉक्टर इंडोमेथॅसिन हे दाहशामक औषध देतात. ते अनेकांना लागू पडते, सर्वांना नाही. शिवाय जठर आणि मूत्रपिंड यांना ते त्रासदायक ठरू शकते, त्यामुळे स्वतःच्या मनाने घेण्याचे ते औषध नव्हे. काहींना मेलाटोनिन (झोपेशी संबंधित संप्रेरक) दिले जाते. पुष्कळ जणांना कोणतेच औषध लागत नाही.

धास्तीवर मला दोन गोष्टींचा उपयोग झाला. एक, सणकेची जागा आणि वेळ वहीत एका ओळीत टिपून तो विषय तेथेच सोडणे. वहीमुळे डॉक्टरांनाही स्पष्ट चित्र मिळते. दुसरे, घरच्यांना आणि सहकाऱ्यांना निवांत वेळी एकदाच सांगून ठेवणे : “मी क्षणभर थांबले तर थांबू द्या, काही विचारू नका.” सणकेपेक्षा भोवतालच्या धावपळीनेच मी अधिक थकत असे. वाहनाबाबत मात्र आमच्यापैकी कोणाच्याही सांगण्यावर न जाता डॉक्टरांना थेट विचारावे.

प्रतिसाद २

तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. सणक नेहमी एकाच ठिकाणी येऊ लागली, तर ते अवश्य सांगावे. तेथे दुसरे काही कारण नाही ना, हे पाहावे लागते. चावताना, दात घासताना किंवा चेहऱ्याला वारा लागताच गालात वा जबड्यात कळ येत असेल, तर तो चेहऱ्याच्या मज्जातंतूचा विकार असू शकतो आणि त्याचे औषध वेगळे असते. कळेबरोबर त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाणी येणे किंवा वेदनेच्या जागी पुरळ उठणे, हेही दाखवण्यासारखे आहे. वयाच्या पन्नाशीनंतर नव्याने डोके दुखू लागले आणि सोबत चावताना जबडा दुखणे, केस विंचरताना डोक्याची त्वचा हुळहुळणे किंवा दृष्टी अंधुक होणे असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण रक्तवाहिनीच्या दाहामुळे दृष्टी कायमची जाऊ शकते. आणि एका मिनिटाच्या आत पराकोटीला पोहोचून तशीच टिकून राहणारी डोकेदुखी, किंवा डोकेदुखीसोबत बोबडी वळणे, हातापायातील शक्ती जाणे, ताप येऊन मान आखडणे, यांपैकी काहीही झाले तर थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. माझ्या सणकांची जागा बदलत असते आणि वर लिहिलेल्यांपैकी दुसरे कोणतेही लक्षण मला नाही. पूर्वी जठरात व्रण झालेला असल्यामुळे इंडोमेथॅसिनचा विषय निघाल्यास तो डॉक्टरांना आधीच सांगेन. वही आजपासून सुरू करते. मेलाटोनिन प्रत्यक्ष घेतलेले कोणी असल्यास, फरक जाणवायला किती काळ लागला आणि दिवसा सुस्ती येते का, हे कृपया लिहावे.