लहान शहरातील एनबीए संघाने विजेतेपदासाठीची बांधणी कोठून सुरू करावी?

फ्रीथ्रो_रेषा

एनबीए या अमेरिकेतील बास्केटबॉल लीगमध्ये एखादा नामांकित खेळाडू करारातून मुक्त झाला की त्याचा ओढा बहुधा लॉस एंजेलिस, मायामी किंवा न्यूयॉर्ककडे असतो. असे असूनही सॅन अँटोनिओने १९९९ ते २०१४ या काळात पाच विजेतेपदे मिळवली, मिलवॉकी २०२१ मध्ये जिंकले आणि २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीने बाजी मारली. माझा प्रश्न असा, की काही हंगाम जाणूनबुजून हरायचे आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, वरचा क्रमांक पदरात पाडून घ्यायचा, एवढाच मार्ग लहान बाजारपेठेतील संघापुढे उरतो का? आणि संघ उभा राहिल्यावर तो आठ-दहा वर्षे टिकवायचा कसा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

बाकावरचा सहावा

हरण्याला आपण देत आहात तेवढे महत्त्व मी देणार नाही. पहिला क्रमांक सोडतीने ठरतो आणि २०१९ मध्ये तळाच्या तिन्ही संघांची त्यासाठीची संधी सारखीच, म्हणजे १४ टक्के करण्यात आली, त्यामुळे सर्वांत वाईट ठरण्याचा फायदा फारसा उरलेला नाही. त्याआधीही नशिबाचा भाग मोठाच होता. १९९७ मध्ये टिम डंकन मिळावा म्हणून बॉस्टनने अवघे १५ सामने जिंकण्याइतकी घसरण सोसली आणि डंकन गेला सॅन अँटोनिओला. सॅक्रामेंटोचा संघ २००६ नंतर सलग सोळा हंगाम प्लेऑफबाहेर, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांबाहेर, राहिला. वरचे क्रमांक त्यांनाही मिळतच होते, परंतु प्रशिक्षक वारंवार बदलत राहिले आणि २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवड करताना समोर लुका डॉन्चिच असूनही त्यांनी मार्विन बॅगलीला घेतले. उलट मनू जिनोबिली ५७ व्या, निकोला योकिच ४१ व्या आणि यानिस अँटेटोकूम्पो १५ व्या क्रमांकावर मिळालेले खेळाडू आहेत.

लहान संघाचे खरे भांडवल माझ्या मते वेळ हे आहे. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेला खेळाडू चार वर्षे ठरावीक वेतनावर राहतो आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंतचा करार करता येतो. तो बाहेर पडू पाहत असला, तरी दुसऱ्याच्या प्रस्तावाइतकी रक्कम देऊन त्याला राखण्याचा हक्क मूळ संघाकडे असतो. या आठ-नऊ वर्षांत शहर मोठे की लहान याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो त्यानंतर, आणि म्हणूनच विकण्याची वेळ ओळखता येणे हे निवड अचूक करण्याइतकेच मोलाचे ठरते.

ओक्लाहोमा सिटीने हा धडा दोनदा गिरवला. २०१६ मध्ये केव्हिन ड्युरँट करार संपल्यावर गोल्डन स्टेटला निघून गेला आणि संघाच्या हाती काहीच लागले नाही. २०१९ मध्ये पॉल जॉर्जने ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल, मागितला तेव्हा मात्र त्याच्या कराराची वर्षे शिल्लक होती आणि लॉस एंजेलिस क्लिपर्सची अडचण ओक्लाहोमा सिटीचा व्यवस्थापक सॅम प्रेस्टी याला पक्की ठाऊक होती: जॉर्ज आला नाही तर कवाय लेनर्डही येणार नाही. म्हणजे त्याने एका खेळाडूच्या बदल्यात दोघांची किंमत वसूल केली. शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीच्या पाच निवडी आणि दोन निवडी अदलाबदल करण्याचा हक्क, असा तो सौदा होता. त्यातल्याच एका निवडीवर २०२२ मध्ये १२ व्या क्रमांकाने जेलन विल्यम्स आला आणि २०२५ च्या अंतिम मालिकेतील पाचव्या सामन्यात त्याने ४० गुण केले.

झोन डिफेन्स

सौद्याचे विवेचन पटले, परंतु त्यामुळे ‘विकत राहा’ हेच धोरण आहे असा समज होऊ नये. अँटेटोकूम्पोसारखा खेळाडू हाती असताना भविष्य राखून ठेवणे हा मला भित्रेपणा वाटतो. मिलवॉकीने नोव्हेंबर २०२० मध्ये जरू हॉलिडेसाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी देऊन टाकल्या, पुढच्याच महिन्यात यानिसने दीर्घ करारावर सही केली आणि त्याच हंगामाच्या निर्णायक सामन्यात ५० गुण करून त्याने पन्नास वर्षांनी विजेतेपद आणले. क्रिस मिडलटन तर २०१३ च्या एका ट्रेडमध्ये जवळजवळ दुर्लक्षित अवस्थेत आला होता.

फ्रीथ्रो_रेषा

परंतु त्याच मिलवॉकीची पुढे काय अवस्था झाली? २०२३ पासून सलग तीन वर्षे ते प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बाद झाले. हे त्या खर्चाचेच फळ नव्हे काय?

रिबाउंड

काही अंशी तसेच म्हणावे लागेल. हॉलिडेला देऊन डेमियन लिलार्डला आणणे हा दुसरा जुगार होता. लिलार्डचा घोट्यामागचा स्नायुबंध तुटल्यावर त्याच्या कराराचे सुमारे ११.३ कोटी डॉलर पाच हंगामांत विभागून त्याला मोकळे करण्याची पाळी आली. पहिला जुगार एका विजेतेपदाने फेडला गेला, त्यामुळे त्याला मी चूक म्हणणार नाही.

टिकवण्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतील २०२३ च्या वेतनकरारानंतर बदलले आहे. वेतनखर्चाच्या दुसऱ्या मर्यादेपलीकडे, म्हणजे २०२५-२६ मध्ये सुमारे २०.८ कोटी डॉलरच्या वर गेलेल्या संघाला दोन खेळाडूंची वेतने एकत्र करून मोठा ट्रेड करता येत नाही आणि सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची निवडही गोठते, म्हणजे ती ट्रेडमध्ये देता येत नाही. श्रीमंत मालकांना लगाम घालण्यासाठी आणलेला हा नियम तीन तरुण खेळाडू एकाच वेळी घडवणाऱ्या संघालाही तितकाच जाचतो. गिल्जस-अलेक्झांडर, विल्यम्स आणि चेट होमग्रेन यांचे २०२५ मधील नवे करार मिळून ८० कोटी डॉलरच्या घरात जातात.

यावर प्रेस्टीने शोधलेली वाट दुय्यम फळीतून जाते. लू डॉर्टला ड्राफ्टमध्ये कोणीही घेतले नव्हते. तो ओक्लाहोमा सिटीच्या विकाससंघातून (खालच्या लीगमधील जोडसंघातून) वर आला आणि त्याच विकाससंघाचा प्रशिक्षक मार्क डेगनॉल्ट २०२० मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला. त्यामुळे खालून येणाऱ्या मुलाला बचावाची रीत नव्याने शिकवावी लागत नाही, आणि महागडा खेळाडू सोडण्याची वेळ आली तरी संघाचा खेळ कोलमडत नाही. इसाया हार्टनस्टाइन २०२४ मध्ये न्यूयॉर्क सोडून ओक्लाहोमा सिटीला गेला हेही लक्षात घ्यावे. न्यूयॉर्कला नियमाने तेवढी रक्कम देताच येत नव्हती, आणि संघ जिंकत असला की शहराच्या आकाराची तक्रार फारशी कोणी करत नाही. डॉर्ट आणि हार्टनस्टाइन या दोघांच्याही करारात २०२६-२७ च्या हंगामाचा पर्याय, म्हणजे त्यांना ठेवायचे की सोडायचे हा निर्णय, संघाने स्वतःकडे ठेवला होता. वरच्या तीन तरुणांचे मोठे वेतन लागू व्हायला लागते ते नेमके याच सुमारास.