अनुभव धागा: आरंभापासून अखेरपर्यंत ऐकलेला एक अल्बम

गेल्या वर्षी माझा भाचा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी सोलापूरहून पुण्याला निघाला, तेव्हा त्याने मला पंक, इंडी, मेटल आणि कोरल (म्हणजे गायकवृंदाचे संगीत) या चार प्रकारांतले ऐकण्याजोगे अल्बम सुचवायला सांगितले. मी दोन रात्री बसून चाळीस अल्बमांची यादी तयार केली, प्रत्येकापुढे साल आणि देशही लिहिला, आणि दिवाळीला तो घरी आला तेव्हा कळले की त्यातला एकही त्याने पूर्ण ऐकलेला नाही. "मामा, तुमच्या यादीत शिरायचं कुठून तेच कळत नाही," असे तो म्हणाला आणि त्याचे म्हणणे खोडून काढण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

म्हणून ही विनंती आहे. प्रत्येकाने एकच अल्बम सुचवावा. तो आपण स्वतः आरंभापासून अखेरपर्यंत ऐकलेला असावा. तो कुठे आणि कशावर ऐकला हे लिहावे, आणि नवख्या कानाला पहिली अडचण कोणती येते तेही मोकळेपणाने सांगावे. 'अजरामर' आणि 'मैलाचा दगड' हे शब्द टाळल्यास उपकार होतील.

सुरुवात माझ्यापासून करतो. नोकरीमुळे अनेक वर्षे मी सोलापूर ते कुर्डुवाडी असा पॅसेंजरने जात-येत असे. मुंबईच्या एका सहकाऱ्याने रामोन्स या न्यूयॉर्कच्या बँडचा १९७६ चा पहिला अल्बम कॅसेटवर उतरवून दिला होता. चौदा गाणी आणि अवघी २९ मिनिटे, त्यामुळे पाकणी मागे पडेपर्यंत बरीच गाणी होऊन गेलेली असत आणि मोहोळ येण्याआधी कॅसेट संपलेली असे. माझ्या वॉकमनच्या इअरफोनचा एक कान बंद पडला होता आणि नवा घेण्याचे मी पुढे ढकलत राहिलो. या अल्बममध्ये बास, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, एका बाजूला आणि नेहमीची गिटार दुसऱ्या बाजूला ठेवलेली आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. परिणामी सुमारे दोन वर्षे मी रामोन्सचा अल्बम गिटारशिवाय ऐकला आणि पंक म्हणजे बास, ड्रम आणि तक्रारीच्या सुरात गाणारा एक मुलगा, अशी माझी पक्की समजूत झाली. पुढे नवा इअरफोन लावला तेव्हा दुसऱ्या कानात अचानक करवत सुरू झाल्यासारखे वाटले आणि मी दचकून गाडीतल्या लोकांकडे पाहिले. हा अल्बम सुमारे ६,४०० डॉलरमध्ये तयार झाला होता, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने अगदीच स्वस्तात, आणि तो हिशेब त्याच्या आवाजात ऐकू येतो. नवख्याला अडचण अशी येते की सगळी गाणी सारखीच वाटतात. चौथ्या वेळेपर्यंत धीर धरावा.

पूर्व भागातून, यंत्रमागाच्या घरातला

काकांनी करवतीचा उल्लेख केला म्हणून धीर आला, कारण मी सुचवणार असलेल्या अल्बमला आमच्या घरात 'माग बिघडलेला आवाज' असे नाव आहे. ब्लॅक सबॅथ या बर्मिंगहॅमच्या बँडचा 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' हा १९७१ चा अल्बम मी महाविद्यालयात असताना ऐकला, तोही मागांच्या शेडला लागून असलेल्या खोलीत, जिथे दिवसभर खटखट चालू असल्याने मंद आवाजात काही ऐकण्याची सोयच नव्हती. पहिले गाणे कुणाच्या तरी खोकल्याने सुरू होते. सुताच्या तुसाने खोकणारी माणसे आमच्या गल्लीत कमी नाहीत, त्यामुळे आई आत डोकावून "कोण खोकतंय?" असे विचारून गेली.

त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी हा वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता, आणि नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच होता. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोकांसाठी टोप्या केल्या, त्यांवर चामडे चिकटवले आणि वाजवणे चालू ठेवले. बोटांना तारांचा ताण सोसेना, म्हणून या अल्बममधल्या काही गाण्यांत त्याने तारा दीड स्वर खाली उतरवल्या. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी तीनची जाड तार काळी एकवर आली. तार सैल झाली की तिचा आवाज भरदार आणि किंचित ओघळणारा होतो, आणि पुढे मेटलच्या कितीतरी बँडांनी तोच आवाज आपलासा केला.

ही हकीगत मी वडिलांना सांगितली. मागाच्या आवाजाने त्यांची श्रवणशक्ती बरीच कमी झालेली आहे आणि धोटा निसटून त्यांच्याही एका बोटाला पूर्वी मोठी इजा झालेली आहे. त्यांनी संगीताविषयी काही विचारले नाही. चामडे कशाने चिकटवले होते, एवढेच त्यांनी विचारले, आणि मला ते सांगता आले नाही याबद्दल ते थोडे नाराज झाले. अल्बम ३४-३५ मिनिटांचा आहे. मधले दोन वाद्यतुकडे फार छोटे आणि हळुवार आहेत, ते वगळू नयेत, कारण त्यांच्यानंतर येणारे गाणे त्यांच्यामुळेच जड वाटते.

जुळे सोलापूर

मी नियम मोडणार आहे. मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा 'मास्टर ऑफ पपेट्स' हा १९८६ चा अल्बम नवख्याने सातव्या तुकड्यापासून ऐकावा. 'ओरायन' हा आठ मिनिटांहून मोठा तुकडा असून त्यात गायन अजिबात नाही, आणि मेटलविषयी बहुतेकांची तक्रार ओरडण्याविषयी असते, ती इथे उद्भवतच नाही. बासवादक क्लिफ बर्टन याची बोटे या तुकड्यात नीट ऐकावीत, कारण त्याच वर्षी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात तो गेला आणि हा त्याचा शेवटचा अल्बम ठरला. २०११ च्या ऑक्टोबरात हा बँड बंगळूरला आला तेव्हा मी उद्यान एक्स्प्रेसने जाऊन त्यांना ऐकून आलो, पण धागा अल्बमांचा असल्याने ते वर्णन इथे करत नाही.

शिक्षिका, चर्चच्या गायकवृंदात आल्टो

कोरल संगीताविषयी कुणी लिहिते का याची वाट पाहिली आणि शेवटी स्वतःच लिहिते आहे. आमच्या उपासनेत दोन प्रकारची गाणी असतात. नारायण वामन टिळकांच्या परंपरेतली भजने आम्ही पेटी-तबल्यावर म्हणतो आणि त्यांत भजनी मंडळाप्रमाणे सगळ्यांची चाल एकच असते. पाश्चात्त्य चालींची गीते मात्र चार आवाजांत बसवलेली असतात आणि सोप्रानो आणि आल्टो (बायकांचे वरचे आणि खालचे आवाज), टेनर आणि बास (पुरुषांचे वरचे आणि खालचे) यांपैकी प्रत्येकाची ओळ वेगळी असते. मुख्य चाल बहुधा सोप्रानोकडे जाते. आल्टोच्या वाट्याला मधली ओळ येते, जी एकटी म्हटली तर गाणे वाटतच नाही. लग्नानंतर पहिल्या नाताळाच्या तयारीत मी स्वयंपाकघरात माझी ओळ घोकत असे, तेव्हा सासूबाईंनी दोन दिवस ऐकून घेतले आणि तिसऱ्या दिवशी काळजीने विचारले, "अगं, तुला चाल सापडत नाहीये का?"

त्यांना त्या नाताळात चर्चमध्ये चारही आवाज एकत्र ऐकू आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून फक्त मान हलवली. ज्यांना असा प्रसंग मिळणार नाही त्यांच्यासाठी मी रशियन संगीतकार सर्गेई रखमानिनॉव्ह यांची 'ऑल-नाइट व्हिजिल' सुचवते. रात्रभराच्या जागराच्या प्रार्थनांसाठी १९१५ मध्ये रचलेले हे पंधरा भागांचे काम आहे आणि ते त्यांनी सुमारे दोन आठवड्यांत पूर्ण केले. रशियन ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्ये वर्ज्य असल्यामुळे इथे एकही वाद्य नाही, आणि तरीही घंटा वाजत असल्याचा भास गळ्यांतूनच निर्माण केलेला आहे. अलेक्सांद्र स्वेश्निकोव्ह यांच्या निर्देशनाखाली १९६५ मध्ये झालेले ध्वनिमुद्रण मी ऐकते. ते जुने आहे, जिथे आवाज फार चढतो तिथे तो किंचित फाटतो, पण नंतरच्या चकचकीत मुद्रणांपेक्षा मला तेच जवळचे वाटते.

पाचव्या भागाच्या अखेरीस बासचे गायक पायरी-पायरीने इतके खाली उतरतात की आपल्याकडच्या खर्जाच्या रियाजाची आठवण यावी. एवढा खालचा स्वर लावणारे गायक आणायचे कुठून, असा प्रश्न पहिल्या प्रयोगाच्या निर्देशकालाही पडला होता. हा भाग आपल्या अंत्यविधीला गायला जावा अशी रखमानिनॉव्ह यांची इच्छा होती.

पहिली अडचण भाषेची वाटेल, पण ती खरी अडचण नव्हे, कारण ही चर्चची जुनी स्लाव्ह भाषा बहुतेक श्रोत्यांना अपरिचितच असते. खरी अडचण अशी की आपला कान एका चालीच्या मागे जाण्यास सरावलेला असतो आणि इथे चार-पाच वाटा एकदम फुटतात. मी विद्यार्थ्यांना एक उपाय सांगते: एका रात्री फक्त सर्वांत खालचा आवाज ऐकावा, दुसऱ्या रात्री सर्वांत वरचा, आणि आल्टो सर्वांत शेवटी, कारण ती सापडत नाही म्हणून लोक कंटाळतात.

नवी पेठ, घरून काम करणारी

ताईंची आल्टोची ओळ वाचून माझा अल्बम बदलला. 'इंडी' म्हणजे मुळात स्वतंत्र कंपनीने किंवा कलाकाराने स्वतःच काढलेले संगीत. ते एखाद्या ठरावीक शैलीचे नाव नव्हते, पण आज ते हळुवार गिटार आणि उदास आवाजाचे दुसरे नाव होऊन बसले आहे. त्या दोन्ही अर्थांनी बोन इव्हेरचा 'फॉर एमा, फॉरएव्हर अगो' हा इंडी ठरतो. बोन इव्हेर या नावाने गाणाऱ्या जस्टिन व्हर्ननने २००६-०७ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या लाकडी घरात एकट्याने राहून तो मुद्रित केला, २००७ मध्ये स्वतःच काढला आणि पुढच्या वर्षी एका छोट्या कंपनीने तो सर्वत्र पोहोचवला. मी तो ऐकला २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत पुण्याहून परत आल्यावर, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, जिथे दुपारी पंखासुद्धा गरम हवा अंगावर फेकत असे. बर्फात अडकलेल्या माणसाची गाणी ऐकताना मी ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेली असे, आणि त्यात विसंगती आहे हे मला फार उशिरा सुचले.

शब्द कळत नाहीत, ही या अल्बमची अडचण आहे. त्याने आधी निरर्थक अक्षरांवर चाली बांधल्या आणि शब्द मागाहून बसवले, म्हणजे पाया तराण्यासारखा आहे आणि तसाच तो ऐकावा. तो आपलाच आवाज एकावर एक रचत जातो, उंच, नाजूक आणि थोडा चिरका, आणि एकट्या माणसाचा गायकवृंद उभा राहतो. ताईंच्या पद्धतीने मी काल रात्री त्यातला मधला आवाज शोधला. तो सापडला, पण दुसऱ्या गाण्यात पुन्हा हरवला.

लेझीम पथकातला, थोडक्यात

सेपुल्तुराचा 'रूट्स', १९९६. ब्राझीलच्या या मेटल बँडने शावांते आदिवासींच्या वस्तीत जाऊन त्यांच्यासोबत एक तुकडा मुद्रित केला आणि बाकी अल्बममध्येही तिथली तालवाद्ये भरपूर आहेत. गणपतीच्या मिरवणुकीत हलगीच्या चालीवर ज्याचे पाय उचललेले आहेत त्याला इथे वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. अल्बम लांब आहे आणि शेवटचा भाग रेंगाळतो.

निवृत्त, पेटीवादक

पाश्चात्त्य संगीत माझा प्रांत नव्हे, परंतु चिरंजीव परदेशी जाताना द क्लॅश या बँडची 'लंडन कॉलिंग' ही जुनी रेकॉर्ड घरी ठेवून गेले, आणि नाट्यसंगीतासाठी घेतलेला रेकॉर्ड प्लेअर रिकामाच होता. १९७९ च्या डिसेंबरात निघालेल्या या दोन तबकड्या बँडच्या आग्रहामुळे एका तबकडीच्या किमतीत विकल्या गेल्या, हे कळल्यावर या मंडळींविषयी माझे मत अनुकूल झाले. वेष्टनावर अठरा गाणी छापलेली होती. ऐकताना मी एकोणीस मोजली. पुन्हा मोजली, तरी एकोणीसच. रेकॉर्डमध्ये काही घोटाळा आहे असे समजून मी एका जाणकार दुकानदाराकडे गेलो आणि त्याने हसून सांगितले की शेवटचे गाणे आयत्या वेळी घातले गेले, तोवर वेष्टने छापून झाली होती.

माझी तक्रार वेगळी आहे. पंक म्हणून दिलेल्या या अल्बममध्ये निम्म्याहून अधिक गाणी पंक वाटत नाहीत. जमैकाचा रेगे आहे, जुन्या धाटणीचे रॉक अँड रोल आहे, मधेच ब्रासची, म्हणजे पितळी फुंकवाद्ये येतात. नाट्यपदांत ठुमरी, कव्वाली आणि कर्नाटकी चाली मिसळलेल्या आम्ही आनंदाने ऐकतो, त्यामुळे मला त्याचे वावडे नाही. फक्त वेष्टनावर तसे लिहावे, एवढेच म्हणणे आहे. हे चिरंजीवांना फोनवर सांगितले तर ते म्हणाले, "बाबा, तुम्ही ती पूर्ण ऐकलीत?" मी चार वेळा ऐकली आहे.

धागाकर्ता

हे सर्व अनुभव मी भाच्याकडे पाठवले. त्याने ताईंचा अल्बम निवडला आणि रविवारी फोन करून कळवले की पाचव्या भागाच्या शेवटी काहीच ऐकू येत नाही, गायक गप्प बसल्यासारखे वाटते. तो फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकत होता, आणि इतका खालचा स्वर त्या स्पीकरमधून बाहेर पडत नाही. पुढच्या शनिवारी तो सोलापूरला येणार आहे. माझे चांगले इअरफोन त्याला द्यायचे ठरवले आहे. त्याआधी दोन्ही कान चालू आहेत की नाही, हे रामोन्स लावून तपासून घेतले.